फॉस्फेटने मॅग्नेशियम मोजताना आपण नेमकं काय तोलतो?

खडकवासल्याहून येणाऱ्या नळाच्या पाण्यात साबणाला चटकन फेस येतो; वाघोली, उंड्रीकडच्या बोअरच्या पाण्यात तो येता येत नाही. पुणं ज्या काळ्या बेसाल्टवर बसलंय, त्याच्या खनिजांत कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही भरपूर असतं आणि खडकाच्या भेगांत मुरलेलं पाणी दोन्ही धातू थोडेथोडे उचलत राहतं. पाणी जड आहे एवढं सांगायला ईडीटीए या धातू धरून ठेवणाऱ्या रसायनाचं टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत मोजून द्रावण घालणं) पुरतं. अर्ध्या तासात आकडा हातात येतो. पण तो आकडा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोघांचा मिळून असतो. एकटं मॅग्नेशियम हवं असेल, तर जास्त सामूला (पीएचला) कॅल्शियमचं वेगळं टायट्रेशन करायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. वजाबाकीत दोन्ही टायट्रेशनांच्या चुका एकत्र येतात. कॅल्शियम जास्त आणि मॅग्नेशियम कमी असलेल्या नमुन्यात तर त्या चुका उत्तराच्या तोडीला जातात.

मॅग्नेशियम थेट मोजायची जुनी आणि अजूनही भरवशाची वाट फॉस्फेटची आहे. द्रावणातलं मॅग्नेशियम अविद्राव्य फॉस्फेटच्या रूपात खाली बसवायचं, गाळायचं, भाजायचं आणि तोलायचं. हिला कॅलिब्रेशनचा आलेख लागत नाही, प्रमाणित द्रावण लागत नाही. चांगला तराजू आणि अणुभारांचा तक्ता एवढ्यावर ती उभी आहे. म्हणूनच आयसीपीसारखी (प्लाझ्माच्या ज्योतीत मूलद्रव्यं मोजणारी) यंत्रं दारात आली तरी मॅग्नेशियमचं प्रमाणित द्रावण खरंच प्रमाणित आहे का, हे पडताळायला ही रीत वापरता येते. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी इतकं ओढून घेतं, की ते तोलून बनवलेल्या द्रावणाच्या बाटलीवरच्या लेबलावर भरवसा ठेवण्यात अर्थ नसतो.

यात तोलणं हा सर्वांत सोपा भाग आहे. आपण जे तोलतोय ते नेमकं कोणतं संयुग आहे, याची खात्री करणं अवघड. पुढचे सगळे नियम, मिलीलिटर आणि तास त्या एका खात्रीसाठी आहेत.

एक फॉस्फेट, चार रूपं

आपल्याला हवा असलेला अवक्षेप (प्रॅक्टिकलला पोरं ज्याला ‘पीपीटी’ म्हणतात तो) म्हणजे मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट. त्यात एका मॅग्नेशियममागे एक अमोनियम, एक फॉस्फेट आणि पाण्याचे सहा रेणू असतात. तो पांढरा आणि स्फटिकी असतो, मोत्यासारखी किंचित झाक असलेला. १००० ते ११०० °से.ला भाजला, की पाणी आणि अमोनिया उडून जातात आणि मॅग्नेशियम पायरोफॉस्फेट उरतं. १०० ग्रॅम अवक्षेपाचे साधारण ४५ ग्रॅम होतात. या पायरोफॉस्फेटचा रेणुभार २२२.५५ आणि त्यात मॅग्नेशियमचे दोन अणू, म्हणजे ४८.६१. भागाकार ०.२१८४. क्रुसिबलमधल्या (म्हणजे भाजायच्या छोट्या भांड्यातल्या) वजनाला या गुणकाने गुणलं, की मॅग्नेशियम मिळतं.

गुणक लहान आहे ही सोयीची गोष्ट. तराजूवर ०.१ मिलिग्रॅमची चूक झाली, तरी मॅग्नेशियमच्या हिशेबात ती ०.०२ मिलिग्रॅमच ठरते.

अडचण अशी, की फॉस्फेट हा बहुरूपी आयन आहे. फॉस्फोरिक आम्लाला सोडण्याजोगे तीन हायड्रोजन असतात आणि ते एकेक करून सुटतात. सामू १० असताना द्रावणातल्या फॉस्फेटपैकी जवळजवळ सगळं अजून एक हायड्रोजन धरून बसलेलं असतं. पूर्ण मोकळं झालेलं जेमतेम ०.४ टक्के. अवक्षेपाला मात्र तेच मोकळं फॉस्फेट हवं असतं. मग सामू आणखी वाढवावा? तर तिकडे अमोनियम आयन अमोनिया होऊन जातो. सामू ८ ला अमोनियाकुळातला ९५ टक्के भाग अमोनियमच्या रूपात असतो, १० ला सुमारे १५ टक्के आणि १२ ला नावापुरता. ८ वरून १० वर जाताना मोकळं फॉस्फेट शंभरपटीने वाढतं आणि अमोनियम सहापटीने घटतं, म्हणून तिथे जाणं फायद्याचं. त्यापुढे फायदा आटत जातो आणि नको ती संयुगं डोकं वर काढतात. सामू १० च्या आसपास, शेवटी थोडा वर, ही जागा अशी ठरली आहे.

जागा चुकली तर काय होतं ते आकड्यांत पाहिलेलं बरं. एक मोल, म्हणजे २४.३ ग्रॅम मॅग्नेशियममागे भाजल्यावर १११.३ ग्रॅम मिळायला हवेत. अमोनिया फार आणि अमोनियमचे क्षार कमी असतील, तर अमोनियम नसलेलं साधं मॅग्नेशियम फॉस्फेट येतं, त्याचे ८७.६ ग्रॅम भरतात, म्हणजे उत्तर कमी. हायड्रॉक्साइड आलं तर भाजून ऑक्साइड होतं, ४०.३ ग्रॅम. उलट फॉस्फेट आणि अमोनियमचे क्षार दोन्ही बेसुमार असले, तर एका मॅग्नेशियममागे चार अमोनियम आणि दोन फॉस्फेट धरलेला अवक्षेप पडतो. तो भाजून मेटाफॉस्फेट होतो आणि १८२.२ ग्रॅम भरतो. मॅग्नेशियमचा फक्त ५ टक्के भाग या शेवटच्या वाटेने गेला, तरी उत्तर ३.२ टक्क्यांनी फुगतं. तोच ५ टक्के भाग साध्या फॉस्फेटच्या वाटेने गेला, तर उत्तर सुमारे १ टक्क्याने खाली येतं.

वाईट भाग हा, की दिसायला चारही पांढरे. क्रुसिबलकडे बघून काही कळत नाही. दोन चुका एकमेकींना खोडून उत्तर ‘बरोबर’ आलेलं असू शकतं. त्यामुळे एकाच नमुन्याचे दोन सारखे निकाल हा पुरावा मानू नये. माहीत असलेल्या वजनाचं मॅग्नेशियम सोबत चालवावं.

आधी बाकीच्यांना बाहेर काढा

क्षारीय द्रावणात फॉस्फेटला मॅग्नेशियमच प्रिय आहे असं नाही. कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियम, मँगनीज सगळे त्याच्याबरोबर खाली बसतात. बोअरच्या पाण्यात शिवाय विरघळलेली सिलिकाही असते; आपला खडकच सिलिकेटचा. म्हणून ५०० मिली पाणी घेऊन हायड्रोक्लोरिक आम्लाने आम्लधर्मी करायचं आणि पोर्सेलीनच्या बशीत वॉटर बाथवर पूर्ण कोरडं करायचं. मग अवशेष थोडा तापवून पुन्हा आम्लात घ्यायचा. सिलिका अविद्राव्य होऊन मागे राहते. ती गाळून टाकायची.

गाळलेल्या द्रावणात अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया टाकला, की लोह आणि ॲल्युमिनियमची हायड्रॉक्साइडं पडतात. तीही गाळायची. नंतर कॅल्शियम, अमोनियम ऑक्झलेटने. इथे घड्याळाकडे लक्ष हवं. कॅल्शियम ऑक्झलेट लवकर पडतं. मॅग्नेशियम ऑक्झलेट अतिसंपृक्त अवस्थेत द्रावणात टिकून राहतं आणि हळूहळू कॅल्शियमच्या स्फटिकांवर चढायला लागतं. अवक्षेप तासाभरात गाळावा, रात्रभर ठेवू नये. मॅग्नेशियम बरंच असेल तर ऑक्झलेटचा अवक्षेप आम्लात विरघळवून पुन्हा पाडावा आणि दोन्ही वेळचं गाळीव द्रावण एकत्र करावं.

आता या द्रावणात अमोनियमचे क्षार आणि ऑक्झलेट यांचा ढीग साठलेला असतो. ऑक्झलेट मॅग्नेशियमला थोडंफार धरून ठेवतं. अमोनियमच्या अतिरेकाचं काय होतं ते वर आलंच. तीव्र नायट्रिक आम्ल घालून फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात) जवळजवळ कोरडं होईपर्यंत आटवलं, की दोन्ही जातात. वेळ नाही म्हणून ही पायरी वगळली जाते आणि मग निकाल वर का येतोय याचा शोध तराजूत घेतला जातो.

नुसतं मॅग्नेशियम रिबन किंवा शुद्ध क्षार घेऊन सराव करायचा असेल, तर यातलं काहीच लागत नाही. सरावाला रिबनच घ्यावी. पॉलिश पेपरने काळपट थर खरवडून चकचकीत केलेली ०.१००० ग्रॅम रिबन थोड्या हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवली, की शेवटी ०.४५७८ ग्रॅम पायरोफॉस्फेट मिळायला हवं. एप्सम सॉल्टही चालतं, १.००० ग्रॅमला ०.४५१५ ग्रॅम. पण त्यातलं स्फटिकजल कोरड्या हवेत निसटतं, आणि एप्रिलमधल्या पुण्याच्या हवेत तर नक्कीच. मग उत्तर शंभर टक्क्यांच्या वर जातं आणि चूक नसलेल्या ठिकाणी ती शोधत बसावं लागतं.

अवक्षेप पाडणं

द्रावणाचं आकारमान १५० मिली आणि त्यात मॅग्नेशियम साधारण ०.१ ग्रॅम, हे चांगलं प्रमाण. ५ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मिथिल रेड या रंगदर्शकाचे दोन-तीन थेंब घालावेत. द्रावण लाल होतं. त्यात १० मिली डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेटचं द्रावण: १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम, त्याच दिवशी बनवून गाळून घेतलेलं. गरजेच्या साडेचार पटींहून थोडं जास्त फॉस्फेट यात येतं. नमुन्यात २० मिलिग्रॅमच मॅग्नेशियम असेल तर २-३ मिली पुरे; ‘जास्त घातलं तर बिघडतंय काय’ याचं उत्तर १८२.२ मध्ये आहे.

शेतात टाकतात ते डीएपी म्हणजे नावाने हेच संयुग, पण खताच्या गोणीतलं इथे चालत नाही. त्यात लोह, ॲल्युमिनियम आणि खुद्द मॅग्नेशियमही असतं. सोडियमचं फॉस्फेट स्वस्त पडतं, पण सोडियम अवक्षेपाबरोबर ओढलं जातं. पोटॅशियम त्याहून वाईट: ते अमोनियमची जागा घेऊन तसाच दिसणारा स्फटिक बनवतं आणि भाजताना उडून जात नाही.

क्रम लक्षात ठेवावा. आम्ल, फॉस्फेट आणि सर्वांत शेवटी अमोनिया. आम्लात फॉस्फेट घातलं तरी काही पडत नाही, सगळं नीट मिसळतं. मग लिकर अमोनिया (अमोनिया वायूचं पाण्यातलं तीव्र द्रावण) थेंबाथेंबाने, सतत ढवळत, लालाचा पिवळा होईपर्यंत. पिवळं झाल्यावर थोड्या वेळात द्रावण गढुळतं. तिथे हात थांबवून ५ मिनिटं ढवळत राहायचं. रंग परत लालीकडे झुकला तर एखादा थेंब अमोनिया. अवक्षेप पडताना आम्ल मोकळं होतं, त्यामुळे रंग झुकणारच. त्यानंतर ५ मिली लिकर अमोनिया जादा घालायचा. आधीच भसकन अमोनिया ओतला, तर बारीक, बेशिस्त अवक्षेप येतो आणि त्यात साधं फॉस्फेट मिसळलेलं असतं.

ढवळताना काचकांडी बीकरच्या भिंतीला घासू नये. जिथे ओरखडा पडतो तिथे स्फटिक उगवतात आणि रबरी पोलिसमननेही (काचकांडीच्या टोकाला बसवलेल्या रबराने) निघत नाहीत. घासून अवक्षेप लवकर आणायची युक्ती गुणात्मक परीक्षेत ठीक आहे, तिथे दिसणं महत्त्वाचं. इथे तो कण न कण बीकरबाहेर काढायचा आहे.

आता वाट बघणं. हा अवक्षेप आळशी आहे. अतिसंपृक्त द्रावणातून सावकाश येतो, आणि मॅग्नेशियम थोडं असेल तर फारच सावकाश. थंड जागी किमान ४ तास, शक्यतो रात्रभर झाकून ठेवावं. मे महिन्यात प्रयोगशाळेत पारा ३८ वर असेल, तर बीकर बर्फाच्या पाण्यात ठेवलेला बरा, कारण गरम द्रावणात विद्राव्यता वाढते आणि अमोनियाही उडतो. त्याच दिवसांत लिकर अमोनियाची बाटली उघडण्याआधी थंड करून घ्यावी आणि हूडमध्येच उघडावी. आतला दाब बूच उडवण्याइतका असू शकतो.

अमोनियाबद्दल आणखी एक गोष्ट. काचेच्या बाटलीत महिनोन्‌महिने ठेवलेला अमोनिया काच खातो आणि सिलिका बरोबर आणतो. ती अवक्षेपात अडकते, भाजल्यावरही तशीच राहते आणि मॅग्नेशियम म्हणून मोजली जाते. प्लॅस्टिकच्या बाटलीतला ताजा अमोनिया वापरावा आणि नमुना न घालता फक्त अभिकारकांची एक ‘ब्लँक’ चालवावी.

दुसऱ्यांदा पाडायचा की नाही?

अचूक काम असेल तर पाडायचाच. पहिला अवक्षेप स्वच्छ दिसला तरी त्याच्यात सोडियम, पोटॅशियम, जादा फॉस्फेट, जादा अमोनियम असं बरंच काही अडकलेलं असतं. पहिल्या खेपेला म्हणूनच बीकर खरवडत बसायची गरज नाही. द्रावण व्हॉटमन ४२ सारख्या राखविरहित फिल्टर पेपरातून ओतून घ्यायचं, बीकर आणि कागद थंड पातळ अमोनियाने थोडे धुवायचे. मग १ भाग आम्ल आणि १० भाग पाणी असं कोमट हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे ५० मिली घेऊन कागदावरचा अवक्षेप विरघळवत त्याच बीकरमध्ये उतरवायचा. भिंतीला चिकटलेले स्फटिकही त्यात विरघळतात. आकारमान १२५ ते १५० मिली करून फॉस्फेटचं द्रावण १ मिली घालायचं आणि आधीसारखाच अमोनियाने अवक्षेप पाडून ठेवून द्यायचा. या वेळी द्रावणात परके क्षार जवळजवळ नसतात, म्हणून रूप नेमकं येतं. दोन वेळा पाडण्यात एक दिवस जास्त जातो. माझ्या मते त्या एका दिवसाएवढा फायदा या रीतीतली दुसरी कोणतीही काळजी देत नाही.

धुवायला साधं पाणी वापरू नये. शुद्ध पाण्यात हा अवक्षेप मोजण्याइतका विरघळतो. पातळ अमोनियात खूपच कमी. २५ टक्क्यांचा लिकर अमोनिया ६० मिली घेऊन पाण्याने १ लिटर करावा. थोडाथोडा, दरवेळी पूर्ण निथळू देऊन धुवावं. क्लोराइड गेलं का हे बघताना एक फसवी जागा आहे: धुवणाचे थेंब घेऊन थेट सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर काहीच दिसत नाही, कारण सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळतं. ‘निल’ लिहून मोकळं होणाऱ्यांचं धुणं अर्धवट राहतं. थेंब आधी पातळ नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करावेत, मग सिल्व्हर नायट्रेट. त्या नळीतलं द्रावण लगेच टाकून द्यावं. चांदी आणि अमोनिया क्षारीय अवस्थेत एकत्र साठवणं धोक्याचं, कालांतराने त्यातून स्फोटक संयुग बनतं.

भाजणं

एक सर्रास होणारी चूक आधी: अवक्षेप १०५ °से.च्या ओव्हनमध्ये वाळवून तोलणं. सहा रेणू पाण्याचा हा स्फटिक ६० च्या आसपासच पाणी सोडायला लागतो आणि पाठोपाठ अमोनियाही. १०५ ला जे उरतं त्याचं ठरलेलं सूत्र नाही, म्हणून त्याला गुणकही नाही. भाजायचं नसेल तर अवक्षेप अल्कोहोल आणि मग ईथरने धुवून, हवा ओढून कोरडा करून सहा रेणू पाण्यासकट तोलता येतो. तेव्हा गुणक ०.०९९०. ही झटपट वाट आहे. भाजलेल्या पायरोफॉस्फेटचा भरवसा जास्त.

रिकामं पोर्सेलीन किंवा सिलिकाचं क्रुसिबल आधी त्याच तापमानाला तापवून स्थिर वजनाला आणावं. प्लॅटिनमचं वापरू नये. कागदाचा कार्बन आणि फॉस्फेट मिळून फॉस्फरस मोकळा झाला तर तो प्लॅटिनमला ठिसूळ करतो, आणि त्याची भरपाई कोणत्याही प्रॅक्टिकलच्या बजेटात बसत नाही. सिंटर्ड काचेचं क्रुसिबल या तापमानाला मुळीच टिकत नाही; फिल्टर क्रुसिबल हवं असेल तर सच्छिद्र पोर्सेलीनचं घ्यावं, मग कागदाची कटकटही संपते.

कागदासकट भाजायचं तर घाई करू नये. क्रुसिबल तिरकं ठेवून मंद आचेवर कागद वाळवायचा, मग काळा होऊ द्यायचा. त्याने पेट घेऊ नये. पेटला तर धुराबरोबर बारीक कणही उडतात. त्यानंतर झाकण काढून, हवा खेळती ठेवून, ५००-६०० °से.ला कार्बन पूर्ण जळू द्यायचा. सगळं पांढरं दिसल्यावरच मफल फर्नेस (विजेची बंद भट्टी) १००० च्या पुढे न्यायची. आधीच तापमान चढवलं तर कार्बन घट्ट होत जाणाऱ्या पायरोफॉस्फेटमध्ये कोंडला जातो आणि अवशेष राखाडी राहतो. तसं झालंच, तर थंड करून तीव्र नायट्रिक आम्लाचे एक-दोन थेंब टाकावेत, हळू वाळवावं आणि पुन्हा भाजावं. बहुतेक वेळा पांढरं होतं.

डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारं जेल ठेवलेल्या बंद भांड्यात) ३०-४० मिनिटं थंड करून तोलायचं, पुन्हा अर्धा तास भाजायचं, पुन्हा तोलायचं. दोन वजनांत ०.३ मिलिग्रॅमहून कमी फरक आला की थांबायचं. मधेच वीज गेली तर घाबरायचं कारण नाही. परत तापवून स्थिर वजन गाठलं की झालं. पायरोफॉस्फेट हवेतला ओलावा फारसा घेत नाही. जुलैत त्रास देतं ते क्रुसिबल आणि डेसिकेटरमधलं थकलेलं सिलिका जेल. रंग बदललेलं जेल ओव्हनमध्ये तापवून घ्यावं.

आता हिशेब. ५०० मिली पाण्यापासून, ब्लँक वजा जाता, ०.०९१६ ग्रॅम पायरोफॉस्फेट मिळालं असं धरू. ०.०९१६ गुणिले ०.२१८४ म्हणजे ०.०२०० ग्रॅम, लिटरला ४० मिलिग्रॅम मॅग्नेशियम. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकात मॅग्नेशियमची स्वीकार्य मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १०० पर्यंत मुभा. म्हणजे हे पाणी पहिली मर्यादा ओलांडतं, दुसरीच्या आत आहे. कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत एकट्या मॅग्नेशियमचा जडपणा ४० गुणिले ४.११८, सुमारे १६५. अशा एका आकड्यासाठी तीन दिवस घालवायचे का? रोजच्या नमुन्यांना अर्थातच नाही, तिथे ईडीटीए. पण ज्या द्रावणावर ते ईडीटीए किंवा आयसीपी उभं आहे, त्याच्यासाठी हे तीन दिवस द्यावेत.

बाकीचे धातू, थोडक्यात

जस्तही याच वाटेने येतं, पण त्याचा स्वभाव उलटा. भोसरी, चाकणच्या प्लेटिंगवाल्यांना माहीत आहे की जस्त आम्लातही विरघळतं आणि जादा अमोनियातही. म्हणून सामू ६.४ ते ६.९ या अरुंद पट्ट्यात, गरम द्रावणात, अमोनियम क्लोराइडच्या संगतीत अवक्षेप पाडतात. सुरुवातीला पिठासारखा असतो, वॉटर बाथवर ठेवला की स्फटिकी होतो. यात स्फटिकजल नसतं, त्यामुळे १०५ ला वाळवून थेट तोलता येतो, गुणक ०.३६६५. मॅग्नेशियममध्ये वर्ज्य असलेलं ओव्हन इथे चालतं, आणि दोन्ही प्रयोग लागोपाठ करणारे नेमके इथेच घोळ घालतात.

मँगनीजचा अवक्षेप फिकट गुलाबी, रेशमी चकतीसारखा येतो. एक रेणू पाण्यासकट तोलला तर गुणक ०.२९५४, भाजून पायरोफॉस्फेट केलं तर ०.३८७१. सामू फार चढला तर हवेने ऑक्सिडेशन होऊन तपकिरी पडतो.

बिस्मथ आणि झिर्कोनियम मात्र आम्लातच फॉस्फेट देतात आणि तोच त्यांचा उपयोग: बाकीचे बहुतेक धातू द्रावणात राहतात. बिस्मथ फॉस्फेट पातळ नायट्रिक आम्लातून येतं, गुणक ०.६८७५. झिर्कोनियम तर १० टक्के सल्फ्युरिक आम्लातूनही पडतं. त्याला पाण्याने धुतलं तर फॉस्फेट सुटत जातं, म्हणून अमोनियम नायट्रेटच्या द्रावणाने धुतात. कॅल्शियमला या रांगेत जागा नाही. त्याचे फॉस्फेट इतक्या वेगवेगळ्या प्रमाणांत पडतात, की ऑक्झलेटच बरं.

हाच व्यवहार उलटा चालवला, मॅग्नेशियम जादा घेतलं, की खतातलं किंवा खनिजातलं फॉस्फेट मोजता येतं. आणि मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांच्या पाइपांत, पंपाच्या वळणांवर दगडासारखा जो पांढरा थर बसतो, त्यात बऱ्याचदा हाच मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचा स्फटिक असतो. तिथे कार्बन डायऑक्साइड उडून सामू वाढतो. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट मैलापाण्यात असतंच.

काम झाल्यावर क्रुसिबल खरवडू नये, चरे पडतात. पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालून हूडमध्ये उकळत ठेवलं, की पायरोफॉस्फेट विरघळून जातं. तळाशी काही पांढरं शिल्लक राहिलंच, तर ती अमोनियाच्या बाटलीतली सिलिका असण्याची शक्यता मोठी. ती गाळून, भाजून, तोलून निकालातून वजा करावी.